सतरा नंबरचा उलटा कॅन

सतरा नंबरच्या ओट्यावर त्या दिवशी कॅन नव्हता.

मी हॉर्न दिला. थांबलो. परत दिला. एरवी मी वळणावर दिसायच्या आधीच तिथे कॅन उभा असायचा, झाकणावर ओलं फडकं, आणि शेजारी सतराची सून हात मागे बांधून. त्या दिवशी ओटा नुसता रिकामा. आणि आदल्या दिवशी त्याच ओट्यावर तिचा कॅन मी स्वतःच्या हाताने उलटा ठेवला होता.

हे उलट्या-सुलट्याचं प्रकरण आधी सांगून टाकतो, म्हणजे एका रिकाम्या ओट्यापायी माझी एवढी तंतरली का, ते कळेल.

मी दूधगाडीवाला. आमच्या जिल्ह्यात मोठा म्हणावा असा रस्ता एकच. तो खालच्या खोऱ्यात सुरू होतो, नव्या वसाहतीतून जातो, खिंड चढतो, डोंगरावर गुराख्यांच्या घरांमधून वळणं घेतो आणि नदीकाठाने उतरत शहरातल्या डेअरीला पोचतो. या रस्त्यावर एक्केचाळीस दगडी ओटे आहेत. प्रत्येक ओट्याला नंबर, प्रत्येक नंबरामागे एक घर. सकाळी घरची माणसं दुधाचा कॅन आणून ओट्यावर ठेवतात. मी झाकण उघडतो, वाकतो, एक लांब श्वास घेतो. दूध चांगलं असेल तर गाडीचा पाइप कॅनमध्ये सोडायचा, पंप चालू करायचा, दूध टाकीत. वास बरा नसेल तर दूध घरच्यांच्या बादलीत परत, आणि रिकामा कॅन ओट्यावर उलटा. दिवस मावळेपर्यंत तो कोणी सरळ करायचा नाही. रस्त्याने जाणारा-येणारा बघतो आणि समजायचं ते समजतो. वर्षात तीनदा उलटा झाला की नंबर बंद. मग वर्षभर गाडी तिथे थांबत नाही.

हा नियम माझ्या वडिलांच्या वेळचा, डेअरीच्या कागदांहून जुना. वडील म्हणायचे, "हा मार नाही रे, चिमटा आहे." बिचारे बैलगाडीतून दूध नेत, आणि त्यांचं नाक असं, की कोणत्या गाईने काल काय खाल्लं ते सांगत. ते नाक मला मिळालं. लोक मला 'नाकवाले' म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? डोळे बांधून कुठेही उभं केलं असतं तरी झाकण उघडल्यावर मी सांगितलं असतं की आपण कुठे आहोत. खालच्या खोऱ्यातल्या दुधाला हिरव्या मक्याचा गोडसर वास. डोंगरावरच्या दुधाला रानगवताचा, जरा कडवट. नदीकाठच्या दुधाला ओल्या लव्हाळ्याचा. जिल्ह्याचा नकाशा कचेरीच्या भिंतीवर टांगलेला आहे. माझा नाकात होता.

होता. हिवाळ्यात आठ दिवस ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला.

मला आधी वाटलं सर्दी आहे, उतरेल. उतरली नाही. बायकोला कळलं ते असं: चुलीवर दूध तापत होतं, मी शेजारीच पेपर वाचत बसलो होतो आणि ती गोठ्यातून धावत आली.

"अहो, करपलं की! गोठ्यापर्यंत वास आला आणि तुम्ही इथे ढिम्म बसलाय?"

मी पातेल्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांचा संसार, तिला जास्त सांगावं लागत नाही.

"डेअरीत सांगून टाका," ती म्हणाली.

"सांगून काय करू? घरी बसून तुझ्या शेणी मोजू?"

नाक गेलेला नाकवाला म्हणजे धार गेलेला विळा. तो कोणी भिंतीला लावत नाही, भंगारात देतात. मी चोपन्न वर्षांचा. दुसरं काही येत नाही. म्हणून गप्प बसलो आणि डोळ्यांनी वास घ्यायला लागलो. म्हणजे झाकण उघडायचं, वाकायचं, श्वास घ्यायचा, सगळं तेच, पण बघायचं रंगाकडे, सायीकडे, कॅनच्या कडांकडे, आणि समोरच्या माणसाच्या तोंडाकडे. दोन महिने निभावलं. एक गोष्ट तर मला चक्क बरी वाटायला लागली होती. मी पाइप बाहेर काढला की ओट्याजवळची माणसं चार पावलं मागे सरकायची. पूर्वी अंगाला अंग लावून उभी असायची. मला वाटलं, वय वाढतंय तसा मान वाढतोय.

मग डेअरीतल्या तपासणीवाल्या बाई एके दिवशी म्हणाल्या, "काका, तुमच्या टाकीतल्या दुधाला कुबट वास येतोय. थोडाच आहे, पण येतोय. तुमच्या रस्त्यावर कोणाचा तरी कॅन बिघडलाय. शोधून काढा. आणि पाइप धुता ना?"

"रोज धुतो," मी म्हणालो. ते खरंच होतं. बायकोनेही त्याच सुमारास एकदा विचारलं होतं, "गाडी नीट धुता ना हो?" मला वाटलं नाकावरून टोमणा मारतेय. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

शोधून काढा! कशाने शोधू? कच्चं दूध चाखायची डेअरीत सक्त बंदी, आणि कुबटपणा जिभेला कळत नाही, तो नाकाचाच प्रांत. मी अंदाजाने शोधायला लागलो. अंदाज फिरून फिरून एकाच ठिकाणी यायचा: नवी वसाहत, तेरा ते वीस नंबर.

'नवी' म्हणायची नुसती सवय. धरण झालं तेव्हा या लोकांची गावं पाण्याखाली गेली आणि त्यांना इथे आणून बसवलं, त्याला तीस वर्षं होऊन गेली. तिथे जन्मलेल्या पोरींची लग्नं झाली. तरी आमच्या खालच्या खोऱ्यात त्यांना अजून 'पाण्याखालचे' म्हणतात. घरं एकमेकांना चिकटलेली, गोठे अरुंद, अंगण नावालाच. तिथे स्वच्छता यथातथाच असणार, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. मी तसला विचार करणाऱ्यांतला नाही, असं मी स्वतःला बजावायचो, आणि कॅन त्यांचे उलटे करायचो.

सतराचा एकदा महिन्यापूर्वी केला. दुसऱ्यांदा काल. काल सतराच्या सुनेने दूध बादलीत ओतून घेतलं. 

"नाकवाले, नीट घेतलात ना वास?"

"माझ्या नाकावर शंका?" मी आवाज चढवला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या.

"शंका नाही. पण अजून एकदा झालं की आमचा नंबर बंद. घरात तीन गाई, शाळकरी पोर आणि म्हातारी सासू, बाकी काही नाही. म्हणून विचारलं."

"ठाऊक आहे मला," म्हणालो आणि गाडीत चढलो. आरशात बघितलं तर ती अजून उलट्या कॅनकडे बघत उभी होती.

आणि आज ओटा रिकामा. मनात नको नको ते आलं. माणसं कशापायी काय करून बसतात, सांगता येत नाही. सासू आजारी पडली असेल. गाई विकल्या असतील. की विहीर... पुढचा विचार मी मनाला करू दिला नाही. गाडी सोडून वर घराकडे जावं असं वाटलं, पण डेअरीचं फाटक अकराला बंद होतं, आणि टाकीत सोळा घरांचं दूध.

अठरा नंबर एका सुताराचा. तो ओट्यावर बसून माझी वाटच बघत होता.

"सतराचं काय झालं रे?" मी उडी मारतच विचारलं.

"काय व्हायचंय? सून पहाटेच गेली. सायकलला कॅन बांधून."

"कुठे?"

"डेअरीला. म्हणाली, बाईंकडून तपासून घेते, मग बघू कोणाचं नाक आणि कोणाचं काय." सुतार हसला नाही. मी पाइप काढला तसा तो चार पावलं मागे सरकला.

ती जिवंत आहे, धडधाकट आहे, हे ऐकून क्षणभर बरं वाटलं. एकच क्षण. लगेच दुसरी भीती येऊन पहिलीच्या जागी बसली. बाई वास घेणार. दूध चांगलं निघणार. मग विचारणार, काका, हा कॅन तुम्ही उलटा कसा केलात? आणि मी काय सांगणार?

त्या सकाळी मी उरलेले ओटे कसे केले ते माझं मला ठाऊक. खिंडीच्या चढावर गाडी कण्हत होती आणि मी स्टिअरिंगवर थापा रचत होतो. म्हणायचं, तिने शेजाऱ्याचं दूध आणलंय. म्हणायचं, कालचा कॅन वेगळा होता. म्हणायचं, या लोकांचं काय खरं धरता, बाई. हे शेवटचं मनात आलं तेव्हा मी आरशात बघितलं नाही. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता पुढे सायकल दिसेल. दिसायची नाही. घड्याळ बघायचो. चढाला ती सायकल ढकलत गेली असणार, उताराला बसून. माझे थांबे चोवीस. दर थांब्याला पाच मिनिटं. आकडेमोड करून करून डोकं फुटायची वेळ आली.

डोंगरावर सव्वीस नंबरचा म्हातारा गुराखी असतो. चौकशीखोर, पण मनाने चांगला. मी झाकण उघडून वाकलो, श्वास घेतला, पाइप सोडला. म्हातारा मागे सरकला, सोबत कुत्र्यालाही ओढलं.

"नाकवाले, एक विचारू का?"

"विचारा लवकर. आज गडबड आहे."

त्याने पाइपकडे बघितलं, मग माझ्याकडे. "राहू दे. तुम्हाला आम्ही काय सांगायचं?"

"सतराची सून गेली का इथून?"

"गेली की. कॅनला ओलं पोतं गुंडाळलं होतं. पाणी मागितलं, तेही प्यायली नाही, पोत्यावरच ओतलं."

नदीकाठाला लागलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. अडतीस नंबरच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या झाडाखाली ती दिसली. सायकल झाडाला टेकलेली, कॅन सावलीत, आणि ती गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. मी ब्रेक दाबला. खरं सांगतो, त्या क्षणाला मला तिची दया आली नाही. एवढंच वाटलं, की ही अजून पोचलेली नाही.

"आज ओट्यावर कॅन नव्हता," मी खिडकीतून म्हणालो.

"नव्हता."

"एवढ्या लांब कशाला आलीस? मी बघितलं असतं."

"तुम्ही दोनदा बघितलंत."

"बस गाडीत. या उन्हात दूध खरंच बिघडेल, मग रडशील."

तिने विचार केला. ओठ कोरडे पडले होते तिचे. "बसते. पण हे दूध तुमच्या टाकीत ओतणार नाही."

"नको ओतूस. मांडीवर घेऊन बस."

सायकल मागे दोरीने बांधली. ती कॅन मांडीत घेऊन माझ्या शेजारी बसली, दोन्ही हातांनी असा धरलेला जसं तापातलं लेकरू. मी तिला उपकार म्हणून गाडीत घेतलं नव्हतं. मला तिला माघारी फिरवायचं होतं. थोडं पुढे गेल्यावर मी सूर लावला.

"हे बघ, मुली. कालचं मी मागे घेतो. बाईंना सांगतो, नोंद खोडून टाका. तुझा नंबर सुरक्षित. उगाच डेअरीत तमाशा कशाला? पुढच्या वळणावर उतर, बसने घरी जा."

"मागे कसं घ्याल?" ती समोर बघतच म्हणाली. "काल दिवसभर कॅन तिथे उलटा होता. सगळ्या बसगाड्या गेल्या त्याच्यापुढून. माझ्या पोरीला शाळेत विचारलं, तुमच्याकडे गाई धुतात की नाही? ती घरी येऊन जेवली नाही."

मी गिअर बदलला, गरज नसताना.

"आणि नाकवाले, वास आमच्या दुधाला नाहीच. वास तुमच्या पाइपला येतो."

"काय?"

"पाइपला. दोन महिने झाले. तुम्ही तो पेटीतून बाहेर काढला की मळमळतं. माणसं मागे सरकतात, तुम्हाला दिसत नाही होय?"

दिसत होतं. चांगलं दिसत होतं. सुतार, म्हातारा, त्याचं कुत्रं, माझा सख्खा चुलतभाऊ दोन नंबरवाला, सगळे मला मागे सरकताना दिसले. मान! कसला मान आणि कसलं काय. माझे कान तापले.

"सगळ्यांना येतो?"

"एक ते एक्केचाळीस, सगळ्यांना."

"मग कोणी बोललं का नाही?"

"नाकवाल्याला वासाचं कोण सांगणार? आणि जो बोलेल त्याचाच कॅन दुसऱ्या दिवशी उलटा झाला तर?" ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं. नाक आहे तुम्हाला, ठाऊक नसेल कसं? आपल्या पाइपची घाण आमच्या कॅनवर घातलीत. म्हटलं असेल, हे पाण्याखालचे, हे कुठे तोंड उघडणार."

मी लबाड नाही, हे मला ओरडून सांगायचं होतं. पण लबाड नाही हे सांगायला निकामी आहे हे सांगावं लागत होतं. दोन्हींमधलं एक निवडायचं होतं आणि मी नुसती गाडी चालवत राहिलो. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस नंबरला मी उतरलो, वाकलो, लांब श्वास घेतला. गाडीतून ती बघत होती. 

डेअरीत पोचलो तेव्हा अकराला वीस मिनिटं होती. तपासणीची खोली लहान: पांढऱ्या फरशा, स्टीलचं टेबल, बाटल्यांची रांग, पेल्यात उभं केलेलं थर्मामीटर. बाई माझ्या लेकीच्या वयाच्या, कानामागे कायम पेन्सिल. सतराच्या सुनेने कॅन टेबलावर ठेवला, पोतं सोडलं आणि म्हणाली, "वास घ्या. मग बोलते."

बाईंनी वास घेतला. बाटलीत थोडं दूध काढून कसल्याशा थेंबांनी तपासलं. थर्मामीटर घातलं.

"उत्तम आहे. काय झालं?"

"आता गाडीच्या पाइपचा घ्या."

आम्ही तिघं अंगणात आलो. मी पेटी उघडली. बाईंनी पाइपचं तोंड हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि झटकन मागे फेकलं. मग हातमोजा चढवून त्यांनी जोडाची पितळी चकती फिरवून सोडवली. आतल्या रबरी कडीला तडा गेला होता आणि त्या तड्यात जुन्या दुधाचा पिवळा, चिकट थर. बोटभर. रोजचं पाणी त्याच्यावरून जात होतं, त्याला हलवत नव्हतं. पूर्वी मी धुताना शेवटी पाइप नाकाशी धरायचो. वास राहिला तर जोड उघडायचो. हिवाळ्यापासून मी फक्त धूत होतो.

बाई माझ्याकडे बघत होत्या. मनाने चांगल्या आहेत त्या. त्यांनी स्वतःच मला वाट काढून दिली.

"कालपरवाच तडा गेला असेल ना, काका? रबराचं काही सांगता येत नाही."

फक्त 'हो' म्हणायचं होतं. नवी कडी बसली असती, उद्या गाडी निघाली असती. मी सतराच्या सुनेकडे बघितलं. तिला राग आलेला नव्हता. ती थकलेली होती आणि मी 'हो' म्हणणार हे धरून चालली होती. सायकलची दोरी सोडायलाही लागली होती.

"नाही," मी म्हणालो. "कालपरवाचा नाही. मला वास येत नाही, बाई. हिवाळ्यात ताप आला, तेव्हापासून. काहीच येत नाही."

दोरी सोडणारा हात थांबला.

"चार महिने?" बाईंचा आवाज बारीक झाला. "मग या चार महिन्यांत कॅन उलटे कसे केलेत?"

मला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. पण ते मला तोपर्यंत कोणी विचारलं नव्हतं.

बाई आत गेल्या आणि उलट्या कॅनांचं रजिस्टर घेऊन बाहेर आल्या. उभ्या उभ्याच वाचायला लागल्या. "चौदा. एकोणीस. बावीस. चौदा. सतरा. सोळा. तीस. वीस. चौतीस. तेरा. सतरा. अकरा वेळा."

"एक ते बारा?" सतराच्या सुनेने विचारलं.

बाईंनी पुन्हा बोट फिरवलं. "एकही नाही."

एक ते बारा म्हणजे आमचं खालचं खोरं. माझे चुलते, मेहुणे, व्याही. एक नंबर तर माझाच ओटा. बाईंनी मागची पानं उलटली, गेल्या वर्षीची. हळू आवाजात म्हणाल्या, "गेल्या वर्षी बारा वेळा. त्यातले आठ खालच्या खोऱ्यातले." बरोबर होतं. मोठे गोठे, पगारी गडी, घाईत धुतलेले कॅन. तेव्हा मी सख्ख्या मेहुण्याचा कॅन उलटा करून वर त्याच्याच घरी चहा प्यायलो होतो.

नाक होतं तोवर मी दुधाचा वास घेत होतो. नाक गेलं आणि मी माणसांचा घ्यायला लागलो. मला भर अंगणात, ड्रायव्हर आणि हमाल बघत असताना, लाज वाटली. अशी लाज मला कधी वाटली नव्हती.

बाईंनी अकराही नोंदींवर लाल रेघा मारल्या आणि प्रत्येकीपुढे 'रद्द' लिहिलं. मला म्हणाल्या, उद्यापासून गाडीवर दुसरा ड्रायव्हर, तुमचं काय करायचं ते वर विचारते. टाकीतलं दूध त्यांना घेता येणार नव्हतं. चाळीस घरांचं दूध माझ्या डोळ्यांदेखत गटारात गेलं, पांढरं शुभ्र, फेसाळ. त्या दिवशी आमच्या रस्त्यावरचं एकच दूध डेअरीने घेतलं, सतरा नंबरचं.

रिकामा कॅन सायकलला बांधताना सतराची सून म्हणाली, "मला वाटलं तुम्ही लबाड आहात."

"आता काय वाटतं?"

ती गाठ मारत राहिली. "वहीतलं रद्द झालं. रस्त्यावरचं कसं रद्द करणार, नाकवाले?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. सायकलवर बसून निघून गेली, खिंडीच्या दिशेने.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.  शेवटी एवढंच म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला, गाडी धुता ना म्हणून." मग उठून चहा केला आणि माझ्यापुढे ठेवला.

सकाळी धार काढून झाली. बायको भरलेला कॅन उचलायला गेली तर मी तिला थांबवलं. दूध घरातल्या पातेल्यांत ओतायला लावलं. रिकामा कॅन घेऊन रस्त्यावर आलो, एक नंबरच्या ओट्यापाशी. रस्ता इथेच सुरू होतो. शाळेची बस, बाजाराच्या गाड्या, वसाहतीकडे आणि डोंगराकडे जाणारा प्रत्येक माणूस याच ओट्यापुढून जातो. वडिलांच्या वेळेपासून हा ओटा, आणि त्याच्यावर कॅन कधी उलटा झालेला नव्हता. मी केला. दगडावर पत्र्याचा आवाज झाला तसा समोरून दोन नंबरवाला चुलतभाऊ आपला कॅन खांद्यावर घेऊन आला आणि बघतच राहिला.

"अरे, हा कोणाचा?"

"माझा."

"दूध बिघडलं?"

"दूध नाही," मी म्हणालो. "मी. विचारणाऱ्या प्रत्येकाला सांग. माझं नाक हिवाळ्यातच गेलं. वसाहतीतले आणि डोंगरावरचे कॅन मी उगाच उलटे केले. त्यांचं दूध चांगलं होतं."

 लांबून शाळेच्या बसचा आवाज आला.  आत पळून जावं, दार लावून घ्यावं, असं होत होतं. तेवढ्यात बायको बाहेर आली. मला वाटलं, कॅन सरळ करायला आली, आणि तिने केला असता तर मी अडवलं नसतं. पण तिच्या हातात ओलं फडकं होतं. तिने उलट्या कॅनचं बूड खसाखसा पुसलं, कडेची चिकटलेली माती नखाने काढली, परत पुसलं.

"सगळा रस्ता बघणार," ती म्हणाली. "बूड तरी स्वच्छ दिसू दे."